मारतहळ्ळीला नेलेली दोन इंजिनं

नील आणि जुई,

नील, तू फोनवर विचारलं होतंस की तुझ्या छोट्या मोटरसायकलला अस्सल जपानी इंजिन घ्यावं, की हुबेहूब तसं दिसणारी स्वस्त नक्कल. बाबा म्हणतात नक्कल नको, दुकानदार म्हणतो काही फरक नाही आणि जुई म्हणते सायकल चालव. मग तू म्हणालास, "आजी, तू दसऱ्याला बंगळूरला चाललीयस ना? तिथे सगळे इंजिनियरच असतात. विचारून ये."

विचारून आले. बंगळूरला सगळे इंजिनियर नसतात. पण इंजिनाबद्दल मत मात्र सगळ्यांना असतं आणि ते न विचारता मिळतं. सांगलीहून बंगळूरपर्यंतच्या रेल्वेबद्दल काही लिहीत नाही. ती पोचली, एवढं पुरे.

चामराजपेट

माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची अक्काआजी, लग्न होऊन बंगळूरच्या चामराजपेटेत गेली तेव्हा मी शाळेत होते. तिच्या सासरची माणसं कैक पिढ्यांपासून तिथे आहेत. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी आपल्याकडे कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. "सुमे, स्वल्प सरक," म्हणत अक्का मला पाटावर जागा देते. जेवण झालं की "सरी, आता पड थोडी" असं म्हणते. सरी म्हणजे आपलं बरं. पुरणपोळीत हरभऱ्याची नाही, तुरीची डाळ घालते. पहिल्या दिवशी मी त्याबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी चार खाल्ल्या, तेव्हा बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

अक्काचे यजमान, म्हणजे दाजी, पाण्याचे पंप आणि शिलाई मशिनं दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे घर आणि मधे लहानसा चौक. या वेळी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन गो-कार्ट उभ्या होत्या. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाकं, बसायला एक खुर्ची आणि पाठीमागे इंजिन. एकीचं इंजिन लाल, दुसरीचं हिरवं. दोन्ही एकाच जपानी इंजिनाच्या नकला.

हा उद्योग अक्काच्या मुलाचा, श्रीकांतचा. तो बँकेत कारकून आहे. त्याची बदली रायचूरला झाली, तेव्हा बिनपगारी रजा घेऊन तो घरी बसला आणि बसल्या बसल्या या गाड्या केल्या. मारतहळ्ळी नावाच्या गावात गौडा म्हणून एक जमीनदार आहेत. त्यांच्या शेतांभोवती आता इमारती उठताहेत आणि त्यांत कॉम्प्युटरवाली तरुण मुलं राहायला येताहेत. रविवारी या मुलांना काही काम नसतं, असं गौडांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी नाचणीच्या शेताचा एक तुकडा सपाट करून गोल रस्ता केला. त्यावर पळवायला त्यांना गाड्या हव्या होत्या.

"दसऱ्याला गौडा हो म्हणाला, तर राहा इथे," दाजींनी माझ्यासमोरच श्रीकांतला सांगितलं. "नाही म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी रायचूरची गाडी. मी स्वतः स्टेशनवर सोडायला येणार."

"अप्पा, मी बँकेच्या परीक्षेला गेलो तेव्हा तुम्ही स्टेशनवर आला नव्हतात."

"तेव्हा तू परत येणार होतास."

म्हणजे सगळं त्या एका दिवसावर होतं. आणि बापलेकांचं एकमत नव्हतं ते नेमकं इंजिनावर. लाल इंजिन श्रीकांतचं लाडकं. ते तैवानचं, मद्रासच्या बंदरातून आलेलं. हिरवं दाजींचं. ते यशवंतपूरला त्यांच्या मित्राच्या, नंजप्पाच्या कारखान्यात झालेलं.

"हिरवं बिघडलं तर नंजप्पाच्या घरी जाऊन बसता येतं," दाजी म्हणाले. "लाल बिघडलं तर तैवानात कुणाच्या घरी जाऊन बसणार?"

याला तुमच्या बाबांकडे उत्तर असेल तर कळवा.

यशवंतपूर

दुसऱ्या दिवशी श्रीकांतने मला नंजप्पाचा कारखाना दाखवायला नेलं. दाजीही आले. आम्ही दोघंच गेलो असतो तर मित्राची बाजू मांडायला कुणी उरलं नसतं.

कारखाना म्हणजे रेल्वेच्या रुळांजवळची पत्र्याची लांबट शेड. नंजप्पांनी आधी कॉफी दिली, मग खुर्ची आणि मग एका कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं अस्सल जपानी इंजिन काढून टेबलावर ठेवलं. पूर्वी ते लग्नाच्या मांडवात दिव्यांसाठी वीज तयार करायचं. आता त्याला काम नव्हतं, मान होता. त्याच्यावर बेतलेली हिरवी इंजिनं भिंतीशी ओळीने मांडलेली होती.

मला दोन वस्तू शेजारी ठेवल्या की त्यांतले फरक शोधायची सवय आहे. फरक सापडला नाही, पण वेगळंच दिसलं. अशा इंजिनाला गार ठेवायला वरून पातळ पट्ट्या असतात. अस्सल इंजिनाची त्यातली एक पट्टी कोपऱ्यात तुटलेली होती. भिंतीशी असलेल्या प्रत्येक हिरव्या इंजिनाचीही तीच पट्टी त्याच कोपऱ्यात तुटलेली होती.

"ही पट्टी तुटलीय," मी इंग्रजीत म्हटलं.

"तुटलेली नाही, मेडम. ओरिजिनलमध्ये तशीच आहे," नंजप्पा म्हणाले. "सेम टू सेम."

दाजींनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं, की मी कॉफी संपवली.

एकाच बाबतीत मात्र सेम टू सेम नव्हतं. अस्सल इंजिनाच्या पोटात एक छोटा पहारेकरी असतो. तेल कमी असलं तर तो इंजिन सुरूच होऊ देत नाही. तेलाशिवाय चाललं, तर आतले भाग एकमेकांवर घासून इंजिन कायमचं अडकतं, असं श्रीकांतने मला समजावलं. तैवानच्या लाल इंजिनात हा पहारेकरी आहे. नंजप्पांनी तो काढून टाकलाय.

"का हो?" मी विचारलं.

"मालकाने दोरी ओढायची आणि इंजिनाने नाही म्हणायचं?" नंजप्पा म्हणाले. "नाही ऐकायचं असेल तर मी घरी जातो."

परत येताना रिक्षात मी दोन्ही इंजिनांचा हिशोब मांडला. लाल इंजिन दोन-तीनदा दोरी ओढल्यावर सुरू होतं, मग मात्र शांत चालतं आणि पेट्रोल कमी पितं. हिरवं पहिल्याच ओढीला उठतं, पण आवाज असा करतं की शेजारच्या दुकानातला शिंपी सुई खाली ठेवतो. शिवाय हादऱ्यांनी स्वतःचेच बोल्ट ढिले करतं. मी हे श्रीकांतला सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, गौडांना हे सगळं नको असतं. त्यांना फक्त पहिल्या ओढीला सुरू झालं की नाही, ते दिसतं." दाजी पुढच्या बाजूला बसून बाहेर बघत होते. त्यांची पाठही खूश दिसत होती.

खंडेनवमी

आपल्याकडे खंडेनवमीला घरातल्या सायकलीला आणि विळीला झेंडूचं फूल वाहिलं की झालं. बंगळुरात या दिवशी आख्खं शहर देवघर होतं. रिक्षा, बस, पोलिसांची जीप, सगळ्यांना केळीचे खुंट बांधतात. प्रत्येक चाकाखाली लिंबू. पांढऱ्या भोपळ्यात कुंकू भरून तो रस्त्यात फोडतात आणि मग दिवसभर माणसं त्यावरून घसरतात. यंत्रांचा सण असल्यामुळे माणसांना थोडं सोसावं लागतं.

दाजींच्या दुकानाची एक वेगळी रीत आहे, ती त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. श्रीकांत पहाटेच भोपळे आणायला मार्केटात गेला होता. मी उठून चौकात आले तर दाजी ओल्या पंचाने यंत्रांना आंघोळ घालत होते. प्रत्येक यंत्रातलं जुनं तेल काढायचं, अंग पुसायचं, गंध लावायचं.

"जुनं पोटात ठेवून पूजा घ्यायची नसते," ते मला म्हणाले. "आपणही उपास करतोच की. उद्या मुहूर्तावर नवीन घालायचं."

पंप झाले, मग दोन्ही गाड्यांच्या इंजिनांची पाळी आली. त्यांच्यातलं तेल त्यांनी अक्काच्या वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात काढलं आणि डबा न्हाणीघराच्या दाराशी ठेवला. मी तो पाहिला आणि माझ्या मनात एकच विचार आला. अक्का यात काही तरी तळेल. म्हणून कागदाचा चौकोन कापून, त्यावर स्वच्छ अक्षरात, इंग्रजीत, "खाण्यासाठी नाही" असं लिहून, भाताच्या शिताने डब्याला चिकटवला. आपण वेळेवर काळजी घेतली, या समाधानात मी स्नानाला गेले.

श्रीकांत आला. भोपळे फुटले, आरती झाली, अक्काने गोड वाटलं. पूजा झालेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसाच्या मुहूर्तापर्यंत हात लावायचा नसतो. कुणी लावला नाही.

मारतहळ्ळी

दसरा सोमवारी होता. सोमवारचा राहुकाळ सकाळी साडेसातलाच लागतो. आपल्याकडे राहुकाळ माहीत असतो, पण त्याच्यासाठी कुणी चप्पल शोधत पळत नाही. चामराजपेटेत पळतात. राहू लागायच्या आत उंबरठा ओलांडायचा म्हणून दोन्ही गाड्या टेंपोत चढवल्या. अक्काने चित्रान्नाचे, म्हणजे लिंबूभाताचे, डबे घेतले आणि दाजी "झालं का, झालं का" करत तीनदा घरात जाऊन तीनदा रिकाम्या हाताने बाहेर आले. मी माझी छत्री घेतली. ती मोडली होती, पण घेतली.

मारतहळ्ळी हे अजून गाव आहे. तळं, नारळ, नाचणीची शेतं आणि मधेच उभी असलेली एक पाच मजली इमारत. ती रस्ता चुकून इथे आल्यासारखी दिसते. गौडा पांढऱ्या स्वच्छ लुंगीत उभे होते. माणूस भारदस्त, सर्व दिशांनी. त्यांच्यामागे गावातली बरीच मंडळी जमली होती. दसऱ्याला दुसरं बघण्यासारखं काही नसावं.

नारळ फुटला. श्रीकांतने लाल इंजिनाची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही. मग तो ओढतच राहिला. टेंपोवाल्याने ओढली, गौडांच्या भावाने ओढली, कुणी तरी पेट्रोलच्या टाकीला कान लावून ऐकलं. श्रीकांतचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"परदेशी आहे," दाजी गौडांना कानडीत समजावू लागले. "त्याला आपला सण कळत नाही."

"दुसरं बघा," गौडा म्हणाले.

हिरवं पहिल्याच ओढीला गर्जून उठलं. नारळावरचे कावळे उडाले. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीकांत बसणार तेवढ्यात गौडांनी त्याला बाजूला सारलं, लुंगी कमरेला खोचली आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. गाडी खाली दबली, पण निघाली. पहिली फेरी झाली. गौडा हसत होते. दाजी तर माझ्याकडे बघून मान डोलावत होते, जसं काही तेच गाडीत बसलेत.

"मावशी," श्रीकांत हळूच म्हणाला, "अप्पांचं खरं ठरलं. काही हरकत नाही. हिरवं तर हिरवं. रायचूर तर टळलं."

दुसऱ्या फेरीत, तळ्याकडच्या वळणावर, इंजिनातून एक किंकाळी निघाली. मग काहीच नाही. काय झालं म्हणून गौडांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांनी मागे पाहिलं म्हणून गाडी सरळ नाचणीत गेली. कणसांच्या वर फक्त त्यांचं डोकं दिसत होतं. इजा काही झाली नाही. पण गावात कुणी हसायची हिंमत करत नव्हतं, त्यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळत होतं.

सगळे तिकडे धावले. त्याच वेळी अक्काने, चित्रान्नाचे डबे मांडता मांडता, मला हाक मारली.

"सुमे, हा तुझा डबा कुठे ठेवू गं? तेल डचमळतंय."

"माझा कुठला डबा?"

"अय्यो, तूच ना नावाची चिठ्ठी लावलीस त्याला? न्हाणीपाशी विसरली होतीस. मी आठवणीने घेतला."

अक्काला इंग्रजी वाचता येत नाही. त्या घरातल्या स्वयंपाकघरात कुणालाच येत नाही, आणि मी सूचना इंग्रजीत लिहिली होती.

श्रीकांतने डब्याकडे पाहिलं. मग लाल इंजिनाची तेल मोजायची कांडी काढली. कोरडी. तो नाचणीत जाऊन हिरव्याची कांडी काढून आला. तीही कोरडी आणि इतकी तापलेली की त्याने ती हातातून टाकली. नवीन तेल श्रीकांत भरेल असं दाजींना घाईत वाटलं होतं, आणि पंपांबरोबर या इंजिनांचंही तेल काढलंय हे श्रीकांतला कुणी सांगितलंच नव्हतं. लाल इंजिन सकाळपासून पोटात तेल नाही म्हणून नाही म्हणत होतं, आणि आम्ही त्याला परदेशी म्हणत होतो.

श्रीकांतने वडिलांकडे पाहिलं. दाजी फुटलेल्या नारळाची करवंटी फार बारकाईने तपासत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी कुणाची नजर चुकवताना पाहिलं नव्हतं.

गौडा केसांतली नाचणी काढत आले. "काय झालं?"

"काही नाही, साहेब," श्रीकांत म्हणाला. "दोन्हींतलं तेल काढून ठेवलं होतं."

"कुणी? का?"

मला वाटलं, आता दाजींचं नाव येणार. श्रीकांतने तेलाचा डबा उचलला.

"आम्हीच. तेल नसलं तर कुठलं इंजिन काय करतं, ते तुम्हाला दाखवायचं होतं."

"आणि त्यावर मला बसवलंत?"

"तुम्ही मला बसू दिलं नाहीत, साहेब."

गौडांनी डब्याकडे बोट दाखवलं. "घाल लालमध्ये."

अक्काने फडकं धरलं आणि श्रीकांतने तेल ओतलं. दुसऱ्या ओढीला लाल इंजिन सुरू झालं, शांत, जसं काही सकाळपासून काही घडलंच नव्हतं. श्रीकांतने फेऱ्या मारल्या. गौडा प्रत्येक फेरीला मान वळवून पाहत होते.

"या इमारतीतली पोरं रविवारी येणार," ते शेवटी म्हणाले. "ती तेल बघणार आहेत का? नाही. माझा भाऊ बघणार आहे का?" भावाने खाली पाहिलं. "मग स्वतःचं तेल स्वतः बघणारं इंजिन द्या. लालच हवीत, सगळी."

मग आम्ही चित्रान्न खाल्लं. गौडांनी दोनदा घेतलं. त्यांच्या घरी चित्रान्नात शेंगदाणे जास्त घालतात, असं त्यांनी अक्काला सांगितलं. तिला ते आवडलं नाही, पण ती ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसली.

परत

टेंपोत दाजी माझ्या शेजारी बसले होते. एका बाजूला मुकं झालेलं हिरवं इंजिन, दुसऱ्या बाजूला लाल. मार्केट दिसायला लागलं तेव्हा घसा साफ करून, कुणाकडेच न बघता म्हणाले,

"रायचूरला पाणी चांगलं नाही म्हणतात."

अक्काने मला कोपराने ढोसलं. बंगळूरच्या वडिलांनी हो कसं म्हणायचं असतं, ते मला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी दाजींनी दुकानाचा पुढचा अर्धा भाग रिकामा केला आणि पंप मागे सरकवले. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

अडकलेलं इंजिन घेऊन ते नंजप्पांकडेही गेले. नंजप्पा म्हणाले, तेल नसताना दीड फेरी म्हणजे इंजिन फारच चांगलं होतं. मग त्यांनी लाल इंजिन काही दिवस मागून घेतलं. पहारेकऱ्यासकट नक्कल करायची आहे. त्याच्या टाकीवर दाजींनी लावलेला गंधाचा ठिपका अजून आहे. नव्या सगळ्या इंजिनांवर तो असणार, याची मला खात्री आहे.

तेव्हा नील, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नक्कल घ्यायला हरकत नाही. दुकानात गेलास की आधी तेल काढून टाकायला सांग आणि दोरी ओढ. जे सुरू होणार नाही, ते घे.

निघताना दाजी स्टेशनवर आले. मला ते अपेक्षित नव्हतं, त्यांनाही नसावं. माझ्या समोरच्या बाकावर हुबळीला जाणारे एक गृहस्थ होते. गाडी सुटायला वेळ होता, तेवढ्यात दाजींनी त्यांना सगळी हकिगत सांगितली. नाचणी, गौडा, किंकाळी, सगळं.

"पण मुळात तेल काढलंच कशाला?" गृहस्थांनी विचारलं.

"मुद्दाम!" दाजी म्हणाले. "परीक्षा घ्यायला. मुलाची कल्पना. हुशार आहे."

एवढ्यात अक्काने खिडकीतून माझ्या हातात वाटेतल्या खाण्याचा डबा दिला. कोडबळी होती, म्हणजे आपल्या कडबोळ्यांची बंगळुरी बहीण. डबा घासून घासून चकचकीत केलेला, पण माझी चिठ्ठी तशीच. माझं नाव म्हणून तिने ती जपून ठेवली होती.

गाडी सुटल्यावर मी डबा उघडला आणि समोरच्या गृहस्थांपुढे धरला. त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडून नको म्हणाले.

कोडबळी उत्तम झाली होती. मिरजेपर्यंत मी सगळी एकटीने खाल्ली.

तुमची,
आजी